फ्रीजवरचा तक्ता काढून टाका

ती. आई आणि अण्णा,
सा. न.

फोनवर बोलायला गेलं की अण्णा दोन मिनिटं "हां, बरंय सगळं" म्हणतात अन् फोन तुझ्याकडं देतात, तू मला जेवलीस का विचारतीस, अन् मुद्द्याचं बोलणं राहूनच जातं, म्हणून हे लिहायलेय. व्हॉट्सॲपवरच टाकते. आई, चष्मा लाव आणि अण्णांना मोठ्यानं वाचून दाखव, त्यांना बारीक अक्षर दिसत नाही अन् ते कबूलही करत नाहीत.

दिवाळीत मी फ्रीजवर जो तक्ता चिकटवला ना, अण्णांची 10,000 पावलं, आईचा 45 मिनिटं योगा, भात बंद, गोड बंद, रात्री 10 ला झोप, अन् टिक मारायला दोऱ्याला बांधलेलं लाल पेन, तो काढून टाका. दादा परवा सांगत होता की अण्णांनी आठ दिवस खऱ्या टिका मारल्या, नवव्या दिवशी गुडघा दुखायला लागला तर खाटेवर बसूनच टिक मारली. आधी मी हसले, मग कसंतरीच वाटलं. 35 वर्षं पोरांची हजेरी घेतलेल्या माणसाला मी त्र्याहत्तराव्या वर्षी खोटी हजेरी लावायला लावली की हो.

आणि ते 10,000 काही कुण्या डॉक्टरनं शोधून काढलेलं नाही. 1965 ला जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच दहा हजार पावलांचा मीटर असं होतं, तो आकडा तिथून जगभर पसरला अन् माझ्या घड्याळात येऊन बसला. 2022 ला एक मोठा अभ्यास आला, त्यात साठीच्या पुढच्या लोकांना सहा ते आठ हजार पावलांच्या आसपासच जास्तीत जास्त फायदा दिसला, त्यापुढं फारसा वाढत नाही. म्हणजे अण्णा, तुम्ही घरापासून किल्ल्याकडं जाऊन येता, मधी कट्ट्यावर तासभर सोयाबीनच्या भावावरून भांडता, ते चांगलं चाललंय. कट्ट्याचा तो तास तर मी तक्त्यात धरलाच नव्हता, उलट 'वेळ जातो' म्हणाले होते. त्या तासानंतर तुम्ही घरी येऊन किती बोलता ते आईला विचारा!

फक्त एक गोष्ट. रात्री बाथरूमला जाताना तुम्ही भिंत धरून जाता, ते मी बघितलंय. डब्ल्यूएचओचं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं, असं म्हणणं आहे की 65 च्या पुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तरी तोल सांभाळायचा अन् ताकदीचा व्यायाम करावा, पडू नये म्हणून. त्याला जिम लागत नाही. ओट्याला हात धरून एका पायावर दहा सेकंद उभं राहायचं, मग दुसऱ्या. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं, जमेल तितक्यांदा. चहा उकळेपर्यंत होतंय. गुडघा फारच बोलायला लागला तर सोडून द्या, अन् डॉक्टरला आधी दाखवा, मी घड्याळावरून ठरवणार नाही आता.

आई, तुझ्याबद्दल मात्र मला रागच आहे थोडा. पाडव्याला पावणेतीन वाजता मी पाणी प्यायला आत आले तर तू ओट्यापाशी उभ्यानंच, टोपलीतली शेवटची करपलेली भाकरी वरणाच्या पातेल्यातच कुस्करून खायलीस, वरण थंडगार. आणि साखरेची गोळी घेतलेली दीड वाजता. मागं तुला दरदरून घाम सुटून हात थरथरले होते ना, तेव्हा आपण उन्हाचं म्हणालो. साखरेच्या काही गोळ्या घेऊन जेवायला उशीर झाला की साखर एकदम खाली येते, तेव्हा असंच होतं. तुझी गोळी त्यातली आहे का, तसं झालं तर लगेच काय खायचं, हे पुढच्या वेळी डॉक्टरला विचार. पण साडेबाराला बसून, गरम, पहिलं ताट तुझं, ह्याला कुणाला विचारायचं? वहिनी म्हणते मी वाढते, तूच उठतीस म्हणे. चतुर्थीच्या उपासाचं मी काही म्हणत नाही, तो तुझा अन् गणपतीचा मामला, पण त्या दिवशीच्या गोळीचंही डॉक्टरलाच विचार, शेजारच्या काकूंना नाही.

मिठाचं एवढंच सांगते, दिवसाला माणशी एका लहान चमच्याहून थोडं कमी, 5 ग्रॅमच्या आत, त्यातच लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी सगळं आलं. अण्णांचं बीपी बघता ताटात डाव्या बाजूला मीठ वाढणंच बंद केलं तरी सुरुवात झाली.

आता खरं सांगते. हा तक्ता मी कशापायी केला ते. ऑफिसात जुलैमध्ये सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, त्यात माझी तीन महिन्यांची साखर, ती एचबीएवनसी म्हणतात ती, 6.1 आली. 5.7 ते 6.4 म्हणजे डायबेटीसच्या उंबरठ्यावर. वय बेचाळीस. मी तुम्हाला सांगितलं नाही, कुणालाच नाही, अन् दिवाळीत येऊन तुमच्या फ्रीजवर कागद चिकटवून गेले. रात्री साडेअकराला लॅपटॉपसमोर बसून फरसाण खाणारी बाई तुम्हाला भात सोडा म्हणत होती. डॉक्टर म्हणाले अजून मागं फिरता येतं, घाबरू नका. तुम्हीही घाबरू नका, अन् आई, तू कुणाकडून कडुलिंबाचा रस पाठवू नकोस.

मी माझ्यासाठी तीनच गोष्टी ठरवल्यात. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपझप चालायचं. रात्रीचं जेवण आठच्या आत, लॅपटॉप बंद करून. आणि रात्री भाकरी, एक, फार तर दीड. ज्वारी खाल्ली म्हणजे साखर वाढतच नाही असं काही नसतं, तीन भाकऱ्या हाणल्या तर वाढणारच, पण सोबत भाजी, डाळ जास्त घेतली की पोट भरतंय. इकडं पुण्यात आपली ज्वारी मिलेट म्हणून काचेच्या बरणीत ठेवून विकायलेत, भाव ऐकला तर अण्णा कट्ट्यावर चार दिवस तेच सांगतील. तीन आठवड्यांत चालणं जमलं, भाकरी जमली, आठचं जेवण मोडलं, पाचदा तरी मोडलं. दर रविवारी फोनवर तुम्ही मला विचारायचं, किती वेळा मोडलं म्हणून. अण्णा, तुम्हीच विचारा, तुम्हाला खोटं सांगता येत नाही मला. तुमचं काय ठरवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, सांगावं वाटलं तर सांगा.

येळवसीला, वेळ अमावस्येला, सुट्टी टाकलीय, आदल्या रात्री येते. मागच्या वर्षी अण्णांनी आंबिलानं भरलेलं मडकं, ते बिंदगं, डोक्यावर घेऊन बांधाबांधानं रानातल्या कडब्याच्या कोपीपर्यंत नेलं, मग सगळ्या रानाला फेरी मारून आले, कुणी मोजलं नाही अन् गुडघ्याचं नावही निघालं नाही. ह्यावेळी बिंदगं मी घेणार. भज्जी, उंडे करच, त्या दिवशी मी काही मोजणार नाही.

तक्त्याची चिकटपट्टी निघत नसली तर त्यावर खोबरेल तेल लावून थोडा वेळ ठेवा. लाल पेन चांगलंय, दूधवाल्याच्या हिशोबाला होईल.

तुमची,
बेबी