पॅकेजं सांभाळणाऱ्या हातांना

डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीममधल्या पायथन भाषेच्या लायब्ररींची पॅकेजं, म्हणजे इन्स्टॉल करायला तयार असे गठ्ठे, सांभाळायला नागपुरात मंडळी जमवायची ठरवली, तेव्हा आम्ही धरमपेठेतल्या एका खोलीत तिघंच होतो. पुढचं सगळं तुम्ही केलंत.

पायथन ३.१२ मधून डिस्ट्युटिल्स हे पॅकेजं तयार करायचं जुनं साधन काढून टाकलं आणि वर्षानुवर्षं बिनबोभाट तयार होणारी पॅकेजं धडाधड अडकू लागली. ती मे महिन्यातली रात्र माझ्या डोळ्यांसमोर आहे. दिवसा पारा पंचेचाळीसला टेकलेला, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि एक ताई बिल्डचा लॉग, म्हणजे पॅकेज तयार होतानाची नोंद, ओळ न् ओळ वाचत बसलेल्या. चूक पॅकेजची माहिती देणाऱ्या कंट्रोल फाइलमध्ये निघाली. बिल्ड-डिपेंड्समध्ये, म्हणजे बिल्डला लागणाऱ्या गोष्टींच्या यादीत, डिस्ट्युटिल्सची उणीव भरून काढणारं सेटअपटूल्स लिहायचंच राहिलं होतं. एका ओळीची दुरुस्ती, पण ती शोधायला चार तास लागले. ताई, मनापासून आभार.

आमच्यापैकी कुणालाच डेबियनमध्ये पॅकेज थेट अपलोड करायचा अधिकार नव्हता; तो डेबियन डेव्हलपरांकडे असतो. ज्या डेबियन डेव्हलपरनं आमची पॅकेजं तपासली, परवान्यांची नोंद असलेली कॉपीराइट फाइल तीनदा परत पाठवली आणि दर वेळी कारण समजावून सांगितलं, त्यांचं ऋण मोठं आहे. परवान्याचं काम इतकं नेटकं करायला आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो.

आणि तो दादा, ज्यानं नोकरीमुळे वेळ उरला नाही तेव्हा गप्प न बसता आपली पॅकेजं रीतसर दुसऱ्यांकडे सोपवली! असं फार कमी जण करतात.

रविवारी तर्री पोहे आणणाऱ्या काकूंनाही नमस्कार. येत्या रविवारी या, दोन नवी मुलं येताहेत.