'संपन्न झाला' नको, 'होणार आहे' छापा

संपादक साहेब, नमस्कार.

माझा भाचा नोकरीसाठी फिनलंडला असतो, त्यानं तिकडं वर्षभर कुठं कुठं गाणंबजावणं असतं त्याची यादी व्हॉट्सअॅपवर पाठवली आणि वाचताना मला मिरजच आठवत राहिली. कौस्तिनेन नावाचं गाव, वस्ती जेमतेम ४ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं मध्यम खेडं, पण १९६८ पासून तिथं दर जुलैत लोकसंगीताचा उत्सव भरतो. गावातली पोरं फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, मोठ्यांच्या शेजारी बसून ऐकून ऐकून शिकतात, आणि या वादनाला २०२१ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. सावोनलिन्नाला तळ्यातल्या जुन्या किल्ल्यात ऑपेरा होतो, पहिला १९१२ साली झाला होता. पोरीला जॅझ, तुर्कूला रॉक, आणि औलूत तर ऑगस्टमध्ये हातात काहीही नसताना गिटार वाजवल्याची अॅक्टिंग करायची वर्ल्ड चॅम्पियनशिप! (आमच्या गल्लीतली पोरं गणपतीत फुकट करतात ते.) डिसेंबरात दिवस अगदीच लहान असतो तरी ८ तारखेला, सिबेलियसच्या वाढदिवसाला, देशभर झेंडे लावतात. एका संगीतकारासाठी!

आता आपलं बघा. मिरजेच्या तंतुवाद्यांना २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, पेपरात फोटो आले, छान झालं. ही वाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत गेलं की कारागीर ब्रिजवर तारेखाली दोरा सरकवत जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावत बसलेला दिसतो, दोरा केसभर हलला की सूर उघडतो नाहीतर बसतो, आपण उभं राहून ऐकत राहावं. आणि मिरजेच्या दर्ग्यात उरसाच्या वेळी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं संगीत सभा होते, तिथं मोठमोठी माणसं गाऊन गेलीत.

पण मला ती सभा गेल्या वर्षी कळली कधी, तर तुमच्या पेपरात 'मोठ्या उत्साहात संपन्न' वाचलं तेव्हा! सांगलीहून दहा-बारा किलोमीटर, अर्ध्या तासात पोचलो असतो. उरसाची तारीख दरवर्षी मागंपुढं होते, कॅलेंडरवर बघून कळत नाही, मग आम्ही कुणाच्या तोंडाकडं बघायचं? सत्काराच्या फोटोला अर्धं पान मिळतंय तर गाण्याला एक चौकट तरी द्या, नवरात्रातल्या मिरजेच्या अंबाबाईच्या कार्यक्रमांची पण द्या, आणि आठ दिवस आधी द्या, दुकान दुसऱ्याकडं सोपवायला मला तेवढा वेळ लागतो.

- एक नियमित वाचक, सांगली