नागेशला, गाडीखालच्या डब्याबद्दल

वडगाव, बेळगाव

प्रिय नागेश,

जुनी का असेना, पेट्रोल गाडी घेतलीस ते बरं केलंस. जांबोटीत बसची वाट बघत उभं राहणं संपलं. पण परवा फोनवर तू म्हणालास, इंजिन थडथडतंय, इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतोय आणि गॅरेजवाला म्हणतोय, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे गाडीखालचा धूर स्वच्छ करणारा डबा, काढून साधा पाईप घालूया. नको घालू गा.

त्या डब्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वीट असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साईड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साईड तिथं बदलतात. बाहेर पडतात मुख्यतः कार्बन डायऑक्साईड, वाफ आणि नायट्रोजन. ते धातू महागडे, म्हणून तर मारुतीच्या इको गाड्यांखालून चोर तो डबा कापून नेतात. तू स्वतःहून काढून देणार? वर एमिशन टेस्टला अडकशील ते वेगळंच.

दोष बहुतेक डब्याचा नाहीच. ठिणगी पाडणारा एखादा प्लग किंवा त्याला वीज देणारी कॉईल गेली की त्या सिलिंडरातलं पेट्रोल न जळता खाली जातं आणि तापलेल्या डब्यात पेटतं. उष्णता हजार अंशांच्याही बरीच वर गेली की वीट वितळते, धुराची वाट तुंबते, मग चोर्ला घाटात गाडी ओढच घेत नाही. दिवा नुसता लागून राहिला तर सावकाश दाखवायला नेलं तरी चालतं. लुकलुकला की ॲक्सिलरेटर सोडायचा, बाजूला घ्यायची, बंद करायची. बॅटरी उतरली तर पोरांना ढकलायला लावू नको, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून चालू कर. ढकलतानाही कच्चं पेट्रोल खाली जातं. इंजिन ऑईल खात असेल तर तेही बघून घे. ऑईलमधलं फॉस्फरस त्या थरावर बसून तो निकामी करतं. शिशाचंही तसंच. भारतात चार महानगरांत १९९५ साली हे डबे सक्तीचे झाले तेव्हा बिनशिशाचं पेट्रोल सोबत आणावं लागलं; देशभर ते २००० साली आलं.

मला खरी काळजी वेगळीच आहे. तुमच्याकडं संक्रांतीनंतर माळ वाळून कोळ होतो. जत्रेला गेलं की सगळे गाड्या गवतात नाहीतर उसाच्या पाल्यावर लावतात. घाट चढून आलेली गाडी बंद केल्यावरही डबा बराच वेळ कडक तापलेला असतो, वाळक्या गवताला तेवढं पुरतं. नांगरलेली किंवा मुरमाची जागा बघ. डब्याभोवतीचा पत्रा खडखडतो म्हणून लोक उपटून टाकतात. तू तो घट्ट करून घे, तो उष्णता अडवायलाच आहे.

आता ती गाडी तशीच चालवत बेळगावला आणू नको. उद्यमबागेतला माझा ओळखीचा मेकॅनिक रविवारी स्कॅनर घेऊन तुझ्याकडं येतो म्हणालाय. कुठला सिलिंडर चुकतोय ते कळलं की प्लग तिथंच बदलेल. जेवायला थांबव त्याला.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
परशराम