भंगारातली गाडी म्हणून हात न झटकणाऱ्या मेकॅनिक काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नका, असं तुम्ही बजावलंत म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. समोर भेटलात की "अहो, कामच आहे आपलं" म्हणत तुम्ही पाना हातात घेता आणि बोलणं तिथेच संपतं. इथे तरी मला पूर्ण बोलू द्या.

माझी पिकअप अपघातातली. विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशी ठरवलेली, मग चॅसी सरळ करून, मागचा हौदा बदलून पुन्हा रस्त्यावर आलेली. हे मी कुणापासून लपवलं नाही. नवी गाडी घ्यायची ऐपत नसलेल्या कितीतरी लोकांचं पोट अशाच गाड्यांवर चालतं, त्यात लाजायचं काय? पण जिथे गेलो तिथे हीच गोष्ट माझ्यावर उलटली. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर छान पळायची. माल भरून चढाला लागली की दम तुटायचा, ॲक्सिलरेटर तळाला लावला तरी ओढायची नाही, चेक इंजिनचा दिवा लागायचा. आणि रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची.

एकाने स्कॅनर लावला. पी००८७ हा बिघाडाचा कोड आला, म्हणजे रेलचं, इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतलं, प्रेशर कमी. लगेच निकाल: ते प्रेशर तयार करणारा डिझेलचा पंप गेला. दुसऱ्याने तोच कोड बघून इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग, बदलायला लावले. कोड फक्त प्रेशर पडतंय एवढंच सांगतो, कशामुळे पडतंय ते माणसाने शोधायचं असतं, हे मला तुमच्याकडे आल्यावर कळलं. आणि एका महाशयांनी तर बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, "टोटल लॉसची गाडी घेतलीत ना, मग अशीच चालायची." इंजेक्टरवर गेलेले पैसे मी कधीतरी विसरेन. हे वाक्य अजून डाचतं. अपघातातल्या गाडीच्या बिघाडालाही कारण असतंच की! उलट तिथे शोधायला एक धागा जास्त असतो: मार कुठे बसला आणि तिथे कुणी काय जोडलं.

तुम्ही स्कॅनर काढायच्या आधी मला विचारलंत, "टाकी फुल असली की सकाळी लवकर चालू होते का?" हो. "आणि उतारावर नाक खाली करून लावली तर?" तेव्हा तर पहिल्या सेल्फला लागते, मी म्हणालो. तुम्ही मान हलवलीत. "मग पंपाचं नंतर बघू. कुठेतरी हवा घेतेय." काका, ही दोन्ही उत्तरं माझ्याजवळ पहिल्यापासून होती. रोज गाडी चालवणाऱ्याला ती ठाऊक असतातच. मला ती विचारणारे तुम्ही पहिले.

फिल्टरच्या पुढे तुम्ही पारदर्शक नळी जोडलीत आणि रेस दिल्यावर तिच्यातून बुडबुड्यांची माळ जाताना मला दिसली. मग टाकीची लाइन सोडवून शेजारी ठेवलेल्या कॅनमधून डिझेल दिलंत. बुडबुडे थांबले, म्हणजे हवा टाकीकडच्या लाइनमध्येच शिरत होती. बाकीच्या तपासण्या मी इथे सांगत बसत नाही, कारण ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते यापुढे घडलं.

तुम्ही पुठ्ठा टाकून गाडीखाली गेलात. मी सवयीने लांब उभा राहिलो. बाकी सगळीकडे गिऱ्हाइकाने खुर्चीवर बसायचं, आत काय चाललंय ते विचारायचं नाही आणि शेवटी सांगतील तो आकडा द्यायचा, अशीच रीत बघितली होती. तेवढ्यात खालून तुमचा हात बाहेर आला आणि शेजारी दुसरा पुठ्ठा सरकवलात. "या, तुम्हीपण बघा. गाडी तुमची आहे."

मी पाठ टेकून आत सरकलो. तुम्ही चॅसीच्या आतल्या अंगाला टॉर्च मारलात. जिथे वेल्डिंग झालं होतं तिथे डिझेलचा लोखंडी पाइप कापून मध्ये रबराचा एक तुकडा घातला होता, दोन्हीकडे क्लिपा आवळून. तुम्ही माझाच अंगठा धरून त्या रबरावर दाबलात. मऊ, फुगलेलं. "पाण्याच्या लाइनचं रबर आहे हे. डिझेलमध्ये टिकत नाही." मग जोडाखाली बोट फिरवून दाखवलंत: एक थेंब नाही, साचलेली धूळसुद्धा कोरडी. म्हणूनच आधी कुणाला काही सापडलं नव्हतं. सगळे खाली डिझेल गळतंय का ते बघत होते. पण टाकीपासून पंपापर्यंतची लाइन पंप ओढून घेतो, त्यामुळे तिथल्या फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्री त्याच फटीतून हवा शिरली की लाइनमधलं डिझेल टाकीकडे परत उतरतं, म्हणून सकाळचा तो छळ. आणि गाडी उभ्याउभ्या नुसती चालू असताना रेलमध्ये साधारण ३०० बार (बार म्हणजे प्रेशर मोजायचं माप) लागतात तिथे भागून जातं. चढाला १६०० बारच्या आसपास मागणी गेली की हवामिश्रित डिझेलवर पंप तेवढं प्रेशर आणणार कुठून?

हे तुम्ही वर येऊन दोन वाक्यांत सांगितलं असतंत तरी मी मान डोलावली असती. कदाचित मनात थोडी शंका ठेवून, कारण आधीच्यांनीही असंच ठामपणे सांगितलं होतं. त्या पुठ्ठ्याने ती शंकाच उरू दिली नाही. माझ्या गाडीत काय बिघडलंय हे मला कळू शकतं आणि कळायला हवं, असं तुम्ही धरून चाललात. तेलकट जमिनीवर तुमच्या शेजारी आडवं पडून मला जेवढा मान मिळाला, तेवढा एसी लावलेल्या काचेच्या केबिनमध्येही मिळाला नव्हता.

पाइपचा तो भाग नवा घातलात, डिझेलला चालणारा होज वापरलात. एवढ्यावर काम संपलं असतं. पण तुम्ही जुना फिल्टर कापलात, कागदाची एकेक घडी उलगडून टॉर्चखाली धरलीत. हा पंप डिझेलवरच वंगण घेतो, हवा खाऊन झिजला असेल तर धातूची चमक इथे दिसेल, म्हणालात. चमक दिसली नाही. त्या वेळी तुमच्या चेहऱ्यावर आलेला आनंद माझ्यापेक्षा कमी नव्हता, हे मी पाहिलंय. दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याचा पंप, आणि तो वाचला म्हणून तुम्ही खूश!

सचोटी म्हणजे मोठमोठ्या गोष्टी असतात असं नाही, काका. चांगला पंप सहज बदलून पैसे लावता आले असते, मला कळलंही नसतं. तुम्ही तो आहे तिथे राहू दिलात. अशी माणसं प्रत्येक धंद्यात असतात, फक्त त्यांच्या पाट्या मोठ्या नसतात आणि आपण फिरत फिरत त्यांच्यापर्यंत उशिरा पोचतो.

गाडी आता पूर्ण लोडवर चढाला एकदाही अडखळत नाही. डिझेलचा काटा अर्ध्याच्या खाली असला तरी सकाळी चावी फिरवली की लागते. फिल्टर पुढच्या वेळी पुन्हा कापून बघू म्हणाला आहात, तेव्हा येतोच. सोबत माझा मावसभाऊ असेल. त्यानेही अपघातातली एक पिकअप घेतली आहे आणि तिच्या पंपाचा निकाल एकाने लावून ठेवलाय. तुम्ही बघेपर्यंत कुणाला पाना लावू देऊ नकोस, एवढं मी त्याला सांगितलं आहे.

तुमचा ऋणी,
एक पिकअपवाला