पणजीहून, बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ती. बाबा आणि आई यांस सा. न.

आजीला सांगा, परदेशात तब्येत उत्तम आहे. 1961 पर्यंत इथे पोर्तुगीजांचं राज्य, त्यामुळे तिच्या लेखी बांदा ओलांडलं की अजून परदेशच!

बाबा, "ही समाजसेवा झाली, नोकरीचं काय?" असं तुम्ही विचारलंत. फोनवर नीट सांगता आलं नाही. आमचा विशेष शिक्षणाचा, म्हणजे अपंग मुलांना शिकवण्याचा, डी.एड. दोन वर्षांचा, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला. पास झाल्यावर परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं आणि क्रमांक मिळतो. वकिलाची सनद असते तसंच. 1992 च्या कायद्याने त्याशिवाय हे काम करता येत नाही. शिवाय 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलं, अध्ययन अक्षमतेची, म्हणजे लिहिणं-वाचणं शिकायला अवघड जाणारी मुलं आता त्यात आली. त्यांना शिकवणारं कुणीतरी लागणारच. खाजगी संस्थांत सुरुवातीचा पगार बेताचा असतो, तेही सांगून ठेवते.

पण आई, तुला खरी गंमत बटणांची सांगायची आहे. शर्ट घालायला शिकवताना आम्ही शेवटापासून सुरुवात करतो. बाह्या, कॉलर, वरची बटणं आपण लावायची. सगळ्यात खालचं बटण काजात अर्धं सरकवून ठेवायचं, ते ओढून घेण्याचं काम मुलाचं. म्हणजे दर वेळी काम त्याच्याच हातून पुरं होतं. ते जमलं की खालची दोन त्याची, मग तीन. माझ्या वाट्याला आलेला मुलगा तिसऱ्या बटणावर अडलाय आणि माझ्यावर जाम चिडतो. चिडू दे. घाईने मीच लावून टाकलं तर शिकणं तिथेच थांबतं, आणि घरची माणसं मायेपोटी नेमकं तेच करतात.

मोठ्या मुलांना पैशांचा व्यवहार शिकवतो तो पोदेराकडून, म्हणजे दारावर येणाऱ्या पाववाल्याकडून, पाव घेऊन. सायकलचा भोंगा वाजला की सगळे दाराशी. मुलं कोंकणीतून बोलतात, माझ्या मालवणीवर हसतात, पण समजून घेतात.

बाबा, एक काम करा. शेजारच्या काकूंना धाकट्याचं स्वावलंबन कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढायला सांगा. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणीला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जावं लागेल. तुम्ही सोबत गेलात तर त्या जातील, एकट्या नाही जायच्या.

तुमची,
सुमी