बाबा, तुम्ही म्हणालात ही कविता नाही, राजकारण आहे

ती. आई-बाबा, सा. न.

परवा फोनवर मी पॅलेस्टिनी कवितांचं सांगत होते तेव्हा बाबा तुम्ही म्हणालात, हे सगळं राजकारण आहे गं, कविता कुठाय यात. फोनवर वाद नको म्हणून गप्प बसले पण डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

इथे न्यू जर्सीत पॅटरसन म्हणून शहर आहे, तिथे पॅलेस्टिनी लोकांची एवढी वस्ती की त्या भागाला लिटल रामल्ला म्हणतात, २०२२ मध्ये मेन स्ट्रीटच्या एका तुकड्याला पॅलेस्टाईन वे नावसुद्धा दिलं. माझी ऑफिसातली मैत्रीण तिथलीच. कविता इंग्रजीत लिहिते कारण अरबी घरात बोलते पण लिहायची सवय नाही. तिचे आजोबा लिफ्ताचे. जेरुसलेमला लागून असलेलं गाव, १९४८ मध्ये, इस्रायल स्थापन झालं त्या वर्षीच्या युद्धात, ओस पडलं, काही दगडी घरं अजून उभी आहेत पण गावच्या माणसांना परत राहायला जाता आलं नाही. नवी कविता झाली की ती वडिलांना फोन लावते आणि एकेक ओळ अरबीत समजावते. एकदा मी शेजारीच होते. तिने लिहिलेलं की तुतीचं झाड झऱ्याजवळ होतं, तर तिकडून काका, म्हणजे तिचे वडील, जवळजवळ ओरडलेच, झऱ्याजवळ अंजीर, तुती आपल्या जिन्यापाशी! आणि बाबा, काकांचा जन्म अम्मानचा, त्यांनी ते झाड कधी बघितलेलंच नाही, त्यांच्या वडिलांकडून ऐकलंय फक्त. तिने तिथल्या तिथे ओळ बदलली.

तुम्ही एवढी वर्षं तलाठी होतात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल. त्यांच्या घरात कविता म्हणजे सातबारा आहे. झाड कुणाचं, विहीर कुणाची, कुणाचं घर कुठल्या अंगाला. फेरफार भलत्यांनीच करून टाकला म्हणून त्यांनी आपल्या नोंदी सोडल्या नाहीत.

पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीशांचंच बघा. १९४१ चा जन्म, गाव अल-बिरवा. १९४८ मध्ये घरचे लेबनॉनला पळाले, नंतर लपत छपत परत आले तर गाव जमीनदोस्त, आणि सरकारी कागदावर हे लोक हजर असून गैरहजर! शाळेत असताना एक कविता वाचली तर इस्रायली लष्करी अधिकाऱ्याने बोलावून दम दिला की असं लिहीत राहिलास तर बापाचं खाणीतलं काम बंद करू. आता सांगा, त्या पोराने कवितेत राजकारण आणलं का? पुढे कैरो, बैरूत, ट्यूनिस, पॅरिस असं आयुष्य गेलं, २००८ मध्ये ह्यूस्टनला वारले. आई, तुला त्यांची एक कविता फार आवडेल, तुरुंगात लिहिलेली, त्यात आईच्या हातच्या भाकरीची आणि कॉफीची ओढ आहे, बास.

त्याच ह्यूस्टनमध्ये फादी जूदा म्हणून डॉक्टर आहेत, जन्म टेक्सासचा, दरवीशांच्या कविता त्यांनी इंग्रजीत आणल्या. २०२३ च्या शेवटच्या तीन महिन्यांत गाझात त्यांची कितीतरी नातलग माणसं मारली जात होती तेव्हा लिहिलेल्या कवितांच्या पुस्तकाचं नाव म्हणजे चौकटी कंसात नुसती तीन टिंबं. मला ते मुखपृष्ठ बघून बराच वेळ पान उलटवता आलं नाही.

मैत्रिणीचं दुःख वेगळंच आहे. तिने भावाच्या लग्नावर इतकी गोड कविता लिहिली होती, दबकेचा नाच, आत्यांची भांडणं, सगळं, आणि एका मासिकाने परत पाठवली, वर विचारलं की गाझावर काही आहे का. म्हणजे तिने आनंदाचं लिहायचंच नाही? हे मला फार लागलं. तिची प्रत्येक ओळ लोक बातमी म्हणूनच वाचायला बसतात.

आणि बाबा, गझल अरबीतूनच फारसीत आली, तिथून उर्दूत आणि मग सुरेश भटांपर्यंत. आंघोळ करताना तुम्ही भट म्हणता, सुर्वे म्हणता, त्यात काय कुणाला जाब नाही विचारलेला? कामगाराने पोटाचं लिहिलं की कविता, मग घर गेलेल्याने घराचं लिहिलं तर तीही कविताच ना. मला तरी फरक दिसत नाही.

रविवारी फोन करीन तेव्हा ती लग्नाची कविता मराठीत करून वाचून दाखवते. नाही आवडली तर तसं सांगा, पण आधी पूर्ण ऐका. आई, गुडघ्याचा एक्सरे काढून घे, बाबांना सोबत ने.

तुमची,
ताई