मागच्या बाथरूममधले कोमट पाणी

पुणे, आषाढ

चि. सौ. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

श्रावणात तुझ्या सासूबाई बाणेरला तुमच्याकडे राहायला येणार, म्हणून मागची खोली तू किती हौसेने लावली आहेस ते परवा पाहिले. तिथले बाथरूम होळीपासून वापरात नाही, हे तू सहज बोलून गेलीस. हात धुताना मी शॉवरची जाळी फिरवून काढली, तर आत क्षाराची पांढरी पुटे आणि त्यांवर बोटाला चिकटणारा तपकिरी, बुळबुळीत थर दिसला. घरात पाहुणे होते, म्हणून तेव्हा बोललो नाही.

तसला थर मी भोसरीच्या कारखान्यात कूलिंग टॉवर, म्हणजे यंत्रांचे तापलेले पाणी गार करणारा मनोरा, सांभाळताना 31 वर्षे खरवडला आहे. लेजिओनेला नावाचा जिवाणू अशाच थरात, तिथल्या अमीबांच्या पोटात शिरून वाढतो. 1976 च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर दोनशेहून अधिक लोकांना न्यूमोनियासारखा आजार झाला आणि 34 जण दगावले. त्या संघटनेवरूनच रोगाला ‘लीजनेअर्स डिसीज’ हे नाव पडले; जिवाणू मात्र जोसेफ मॅकडेड या अमेरिकन शास्त्रज्ञांना जानेवारी 1977 मध्ये सापडला. आम्ही त्या टॉवरच्या तुषारांत तोंडाला साधा रुमालही न बांधता उभे राहत असू, याची आज धास्ती वाटते.

आपण पिण्याचे पाणी गाळतो, उकळतो आणि निश्चिंत होतो. हा रोग मात्र सहसा पाणी पिऊन होत नाही; पाण्याचे डोळ्यांना न दिसणारे बारीक तुषार श्वासाबरोबर फुप्फुसात गेले, म्हणजे होतो. या जिवाणूला साचलेले, साधारण 25 ते 45 अंशांचे पाणी मानवते. तुमच्या गच्चीवरच्या सोलरचे पाणी उन्हाळ्यात हात भाजण्याइतके तापते, पण पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसले की टाकीत नुसते कोमट राहते, म्हणजे नेमके त्याला हवे तसे. सोलरच्या टाकीत विजेची कॉइल असेल, तर ती लावून पाणी 60 अंशांपर्यंत तापवायला सोसायटीला सांग. मात्र सासूबाईंना मधुमेह आहे, पावलांना चटका लवकर कळत नाही. तेव्हा बादलीत आधी गार पाणी घेऊन मगच गरम मिसळावे. त्यांनी शॉवरऐवजी बादलीनेच अंघोळ केलेली बरी, कारण तांब्याने घेतलेल्या पाण्याचे तुषार फार कमी उडतात.

त्यांच्या दम्याच्या नेब्युलायझरबद्दल तर हात जोडून सांगतो. त्याचा कप नळाखाली विसळून तसाच वापरताना मी तुला पाहिले. औषधात मिसळायला डॉक्टरांनी सांगितलेले निर्जंतुक सलाइनच घे आणि शेवटी विसळायला निर्जंतुक पाणीच वापर, कारण त्या यंत्रातून तुषार थेट छातीत जातात.

हा आजार सहसा एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे त्यांना वेगळे ठेवण्याचा प्रश्न येणार नाही. पण तुषार छातीत गेल्यावर साधारण 2 ते 10 दिवसांत मोठा ताप, कोरडा खोकला, धाप, कधी जुलाब किंवा भ्रम दिसला, तर पावसाळी ताप म्हणून घरी थांबू नकोस. डॉक्टरांना बंद बाथरूमची हकिगत आपणहून सांग आणि लघवीतील लेजिओनेलाच्या तपासणीबद्दल विचार. न्यूमोनियाला नेहमी दिली जाणारी अमॉक्सिसिलिनसारखी औषधे याच्यावर चालत नाहीत. अॅझिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन लागते, आणि ते सुरू करायला उशीर झाला तर जिवावर बेतते.

रविवारी सकाळी मी पाना, थर्मामीटर आणि नवी जाळी घेऊन येतो. खिडकी उघडी टाकून, तुषार उडू न देता, दोन्ही नळांचे पाणी बराच वेळ वाहू देऊ. तोवर त्या बाथरूमला बाहेरून कडी घालून ठेव आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नकोस.

तुझे,
बाबा